अंगठ्यातला खिळा

किडनीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा फॉर्मवर 'घराण्यात कोणाला मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा होता काय?' असा प्रश्न होता, आणि त्यापुढे मी 'नाही' लिहिलं. माझे आजोबा, वडील आणि काका तिघंही पन्नाशीच्या आगेमागे तोंड-पाय सुजून, अन्नावरची वासना उडून गेलेले. तरी 'नाही' लिहिलं आणि खाली लांबलचक सही ठोकली.

मला खोटं बोलायचं नव्हतं. ते तिघं आजाराने गेले असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं. त्यांना मारलं होतं. मारणाऱ्यांचा पत्ताही सगळ्या वाडीला पाठ होता: वरचं घर.

आमच्या सिंधुदुर्गातल्या वाडीत आमच्या भावकीची दोन घरं, वरचं आणि खालचं. पणजोबा एकच, पण त्यांच्यामागे एका फणसाच्या झाडावरून फाटली ती फाटलीच. आम्ही खालचे. आमच्या घरातल्या पुरुषांचा पायाचा अंगठा विशी-पंचविशीतच सुजायचा. लालबुंद व्हायचा, वर चादर टेकली तरी माणूस किंचाळायचा. वरच्या घराने कणकेचं बाहुलं करून त्याच्या अंगठ्यात खिळा ठोकलाय आणि ते आमच्या घरामागच्या परड्यात पुरलंय, हे मला आईने इतक्या लहानपणी सांगितलं होतं की शुभंकरोति आधी शिकलो की हे, ते आठवत नाही. खिळा आधी अंगठ्यात शिरतो, मग वर चढतो, मग माणूस सुजतो. वडील गेले तेव्हा मी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, "ज्यांनी ह्या केला त्यांका तसाच भोगूक लाव, म्हाराजा." एकोणीस वर्षांचा होतो, आवाज खणखणीत होता. वरच्या घरापर्यंत ऐकू जावा म्हणून मुद्दाम चढवला होता.

पुढे मी डिप्लोमा केला, बहरीनला आलो, सखीरच्या बाजूला मोठमोठ्या इमारतींच्या एसीची देखभाल करायला लागलो. सुपरवायझर झालो, झिंजमध्ये फ्लॅट घेतला, बायको आली, मुलगी झाली. पण डिप्लोमा डोक्यात राहतो आणि वैर पोटात. दोघांची कधी भेट होत नाही.

वैराची भेट मात्र बारा वर्षांपूर्वी झाली. वरच्या घरचा मुलगा, माझा लांबचा चुलतभाऊ, ड्रायव्हरच्या व्हिसावर बहरीनमध्ये उतरला. एवढं मोठं जग सोडून तो ह्या चिमूटभर बेटावर आला. इथे एखाद्याला टाळायचं म्हणजे दुसरी नोकरीच. तो आला त्याच आठवड्यात मी गाववाल्यांच्या मंडळात सहज बोलल्यासारखं बोललो की त्याला झोपेत चालायची सवय आहे, हाताला काही लागलं तर उचलतो म्हणे. तीन महिने त्याला कोणी खोलीत घेतलं नाही. कळल्यावर त्याने गणपतीच्या महाप्रसादात, शंभर माणसांसमोर, माझ्या बायकोला विचारलं, "वयनी, आमचो सायब अजून फिल्टरच धुता की आता पंख्याक तेल घालूक पण शिकलो?"

तेव्हापासून मी त्याच्या मरणावर टपून होतो म्हटलं तर थोडं जास्त होईल. पण तो लंगडायला लागल्याचं कानावर आलं त्या दिवशी मी घरी श्रीखंड आणलं, हे खरं आहे. बायकोने विचारलं, आज काय? म्हटलं, असंच.

तर मी 'नाही' लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की डॉक्टरीणबाई माझ्या किडन्या का खराब होताहेत त्याचं कारण भलतीकडेच शोधत बसल्या. साखर नाही, मुतखडा नाही, लघवीत रक्त नाही, सोनोग्राफीत किडन्या जरा लहान एवढंच. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र दर खेपेला थोडं वर. शेवटी कमरेत सुई घालून किडनीचा कणभर तुकडा काढला. मी एक रात्र उताणा पडून छत बघत काढली. तुकड्याने सांगितलं, आत व्रण आहेत. का आहेत ते काही सांगितलं नाही.

बाई बहरीनीच, पन्नाशीच्या, अबायावर पांढरा कोट. हिंदी छान बोलायच्या. पुढच्या खेपेला मी दारातून लंगडत आत आलो. त्या दिवशी खिळा जोरात होता. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं.

"यह दर्द कब से?"

"तेईस साल की उमर से."

"वालिद को भी था?"

"था. लेकिन वो अलग मामला है."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अलग मतलब?"

मग मी सगळं सांगितलं. फणस, बाहुलं, खिळा, गाऱ्हाणं, काही राखून ठेवलं नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता कागदावर चौकोन आणि गोल काढत होत्या. पुरुष चौकोन, बाई गोल. आजोबांचा चौकोन काळा केला, वडिलांचा काळा केला, काकांचा काळा केला. मग म्हणाल्या, "और जिन्होंने कील ठोकी, उनके घर में कोई लँगड़ाता है?"

"वो तो सब लँगड़ाते हैं. उनका बाप भी सूजकर मरा. लेकिन वो हमारे दादा ने उलटाया था."

एसी थंड करत नाही म्हणून फोन करून बोलावतात, आणि जाऊन बघावं तर खिडकी सताड उघडी. त्या वेळी मी गिऱ्हाइकाकडे जसा बघतो तशा बाई माझ्याकडे बघत होत्या.

"हसद हमारे यहाँ भी है," त्या म्हणाल्या. हसद म्हणजे दुसऱ्याची नजर, जळफळाट. "मेरी खाला आज भी डॉक्टर से पहले उसी का इलाज करती है. पर हसद का कॉलम फॉर्म में नहीं था, बीमारी का था. वह तो भरते!"

मग त्यांनी जनुकांची तपासणी सुचवली. साधं रक्त काढायचं, ते बाहेर देशात पाठवायचं. किडनीशी नातं असलेली बरीच जनुकं एकदम वाचतात. आधी मला बसवून समजावलं: काहीच सापडणार नाही असंही होईल. सापडलं तरी त्याचा अर्थ आज कोणालाच सांगता येत नाही असंही होईल. आणि सापडलं, अर्थही लागला, तर ती बातमी तुझ्या एकट्याची राहणार नाही, हे ध्यानात ठेवून सही कर. मी सही केली. सह्या मी विचार न करता करतो हे एव्हाना कळलं असेलच.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. एका जनुकात एक अक्षर बदललेलं. किडनीत तयार होणारं एक प्रथिन त्यामुळे नीट घडी पडून बाहेर येत नाही, आतच साचून राहतं आणि हळूहळू भोवतालची जागा खराब करतं. मला लगेच समजलं. एसीची ड्रेन लाइन तुंबते आणि पाणी भिंतीत मुरतं, बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, तसं. ह्याच बिघाडामुळे युरिक ॲसिड तरुणपणीच वाढतं आणि अंगठ्यात जमतं. खिळा तो हा. आणि आईबापांपैकी एकाकडून मुलाला यायची शक्यता निम्मी.

बाईंनी मला पथ्यपाणी सांगितलं. अंगठा दुखला की मी ज्या वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खात होतो त्या खलास, एकही नाही, कारण त्या किडनीला मारतात. युरिक ॲसिडची गोळी रोज. रक्तदाब ताब्यात. दर तीन महिन्यांनी रक्त. पुन्हा सुई घालायची गरज नाही. आजार उलटवायचं औषध नाही, पण सांभाळलं तर वर्षं लांबवता येतात. पुढेमागे किडनी बसवायची वेळ आलीच, तर देणारा नातेवाईक आधी तपासून घ्यावा लागेल.

"और बेटी?" मी विचारलं.

"बड़ी होने दो. वह खुद तय करेगी."

त्या रात्री मुलगी अभ्यासाला बसली होती. तिच्या पायाचे अंगठे मी दारात उभा राहून बराच वेळ बघितले. ती म्हणाली, "बाबा, व्हॉट?" मी म्हटलं, काही नाही.

आता ह्या जागी माणूस शहाणा होतो. आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत चुकली, दोन घरांत उगाच वैर झालं, असं वाटून त्याचे डोळे भरतात. माझे नाही भरले. कारण निघताना बाईंनी मला एक पत्र दिलं. नातेवाइकांना दाखवायचं पत्र. त्यात बिघाड कोणता, तपासणी कोणती, गोळ्या कोणत्या खायच्या नाहीत, सगळं लिहिलेलं. काळ्या चौकोनांच्या दुसऱ्या फांदीवर पेन टेकवून त्या म्हणाल्या, "यह जो भाई लँगड़ाता है, यहीं है ना बहरीन में? इसे जल्दी दो. मैं खुद फोन नहीं कर सकती. खबर तुम्हारी है, बताना तुम्हें है."

बताना तुम्हें है! वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हातात आलं होतं, तेही लेटरहेडवर. गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून जे झालं नाही ते आता नुसतं गप्प बसून होणार होतं. मी पत्र गाडीच्या कप्प्यात टाकलं आणि गप्प बसलो.

सखीरला जायला माझा रस्ता हमद टाउनवरून. तिथले गोल चौक नंबराने ओळखतात, आणि शाळेची बस घेऊन तो सकाळी कुठल्या चौकात असतो ते मला पाठ होतं. त्याच्या बसच्या बाजूने जाताना मी कप्प्यावर दोन बोटं टकटक वाजवायचो. खा लेका गोळ्या. धू म्हणावं फिल्टर.

एकदा तर फार्मसीत मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याने काउंटरवर रिकामी स्ट्रिप ठेवली आणि बोटांनी खूण केली, दोन. माझ्याच गोळ्या, त्याच रंगाची स्ट्रिप. वळला, मला पाहिलं.

"काय रे, फिल्टर सुकत घालून इलंस?"

"होय," मी म्हटलं. आणि हसलो. तो माझ्या हसण्याने जरा चपापला, कारण बारा वर्षांत मी त्याच्याकडे बघून हसलो नव्हतो. लंगडत बाहेर गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत काचेतून बघत राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. गाडीत बसल्यावर तेवढं बरं वाटेना. पण मी एसी वाढवला.

असे चार महिने गेले. मग एक दिवस बायको गाडीत टिश्यू शोधायला लागली आणि तिला पत्र सापडलं. ती साताऱ्याकडची. आमच्याकडचे लोक भांडताना आधी पाल्हाळ लावतात, ती लावत नाही. वाचून झाल्यावर तिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"हे त्यांना दिलं नाही तुम्ही?"

"देणार होतो."

"कधी? तेराव्याला?"

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट इज सो पेटी." पेटी म्हणजे क्षुद्र. मराठीत म्हणाली असती तर मी ओरडलो असतो.

"त्यांच्या घराने काय केलंय तुला माहीत नाही," मी बायकोला म्हटलं.

"काय केलंय? ह्या कागदावर तर लिहिलंय कोणीच काही केलं नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांची बायको मला रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवते. आठ वर्षं. परवा विचारत होती, ह्यांच्या पायावर चांगला डॉक्टर माहीत आहे का. मी काय तोंड दाखवू तिला?"

आठ वर्षं! माझ्याच घरातून शत्रूला रसद चालू होती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी जायचं ठरलं.

जाताना मी भाषण तयार केलं. आधी म्हणायचं, 'तुझ्या बापाच्या रक्तातच होतं ते.' मग थांबायचं. त्याचा चेहरा बघायचा. मग पत्र द्यायचं. द्यायचंच आहे तर निदान चेहरा तरी बघून घ्यावा.

तो घरात स्टुलावर पाय ठेवून बसला होता. अंगठा टोमॅटोसारखा. माझ्या हातातलं पाकीट बघून ताठ झाला.

"जमिनीची नोटीस?"

"नाय."

"मगे काय ता? फणसाची तारीख लागली?"

मी भाषण विसरलो. पत्र पुढे केलं. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून मीच वाचून, मालवणीत सांगत गेलो. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. सगळं संपल्यावर त्याने पत्र माझ्या हातून घेऊन मांडीवर पसरलं.

"म्हणजे तुझ्या आजयान माझ्या बापाशीक मारल्यान नाय?"

"नाय. आणि तुमच्यांनीव आमच्या कोणाक मारूक नाय."

"पण तुमच्या परड्यात लिंबू-टाचणी सापडलेली."

"सापडलेली."

"ती आमीच टाकलेली," तो म्हणाला. "आयेन माझ्या हातान टाकूक लावलेली. सात वर्सांचो होतंय." मग पत्राकडे बोट करून, "पण तेचा काय उपेग झालो नाय, असा हंय लिवलाहा. होय ना?"

"होय."

"मेल्या, कोंबो पण दिल्लो." कोंबडा वाया गेल्याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला चार वर्षं खातोय, दिवसाला दोन, थंडीत तीन. त्याच्या बायकोने खणातल्या सगळ्या स्ट्रिपा आणल्या आणि आमच्या समोर कचऱ्यात टाकल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हाच तो चेहरा, जो मला बघायचा होता. बघितला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मीच त्याला बाईंकडे घेऊन गेलो. एकच अक्षर शोधायचं होतं, त्यामुळे ह्या वेळी काम सोपं होतं. रिपोर्टाच्या दिवशी तो म्हणाला, तू पण आत ये, इंग्रजी तू वाच. कडक उन्हाळा, दवाखान्यात हाडं गोठवणारा एसी. ड्रेन लाइन तुंबलेली असणार, छतावर डाग पडला होता. मी छताकडेच बघत होतो.

बाई हसल्या. "मबरूक, मुबारक हो. तुम में नहीं है."

त्याच्यात तो बिघाड नव्हताच. त्याच्या वडिलांना असणार, पण निम्म्या शक्यतेत तो वाचला. त्याचा अंगठा त्याने स्वतः कमावलेला होता, मटण आणि बिअर ह्यांच्यावर. गोळ्यांनी क्रिएटिनिन थोडं चढलं होतं, पण बंद केल्यापासून उतरायला लागलं होतं, आणखी उतरेल. आजार घराण्यातल्या त्या फांदीवर होता आणि त्याच्यापाशी येऊन थांबला. माझ्या फांदीवर तो माझ्यात आहे, आणि पुढे गेला का ते तपासायचं की नाही हे माझी मुलगी मोठी झाल्यावर ठरवेल.

मला आनंद झाला, असं लिहायला पाहिजे. झाला की. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, जे काही वाटलं तो आनंद नव्हता. वरचं घर सुटलं! गाऱ्हाणं मी घातलं, नारळ मी ठेवला, आणि भोगायचं मीच. देवाने पत्ता चुकवला की बरोबर वाचला, कोण जाणे.

बाई कागद आवरत होत्या. माझं ते जुनं पत्र फायलीत लावताना थबकल्या. "लेकिन इतनी देर क्यों? यह खत तो मैंने सर्दियों में दिया था. तब आते तो चार महीने की गोलियाँ बचतीं."

त्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. आभार मानले, उठला, माझ्यापुढे न लंगडता चालत पार्किंगपर्यंत गेला. गाडी भट्टीसारखी तापली होती. तो बसला नाही, दार उघडं धरून उभा राहिला.

"चार म्हयने?"

"होय."

"फार्मसीत हसलंस, तेव्हा खिशात होता?"

"गाडयेत होता."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, खूप जुन्या मशीनकडे बघावं तसा. मग गाडीत बसला, बेल्ट लावला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या दोन घरांत खरी करणी केलंस ती तू एकट्यान. आणि ती पण लागली नाय."